धोंडुबाईनं बरी केलेली वेल

सांगलीत विश्रामबागेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन धोंडुबाईला चार महिने झाले होते, आणि चारही महिने तिचं डोकं एकाच गोष्टीनं उठलं होतं. तिला कुणी काम देत नव्हतं.

सकाळी झाडू हातात घ्यावा, तर सून उत्कर्षा लगबगीनं आतून येणार आणि झाडू हळूच काढून घेणार. "आत्या, तुम्ही बसा." पिठाची परात ओढावी, तर "आत्या, पोळ्यांना मावशी येतात, तुम्ही बसा." कपडे? मशीन. भांडी? पुन्हा मावशी. निदान भाजी निवडावी म्हटलं, तर धोंडुबाई उठायच्या आतच ती निवडून, धुऊन, डब्यात घालून फ्रीजमध्ये. बसा, बसा, बसा! माणसानं बसायचं तरी किती? गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हात काही गळून पडले नव्हते.

बरं, भांडावं तर तेही जमेना. सून खाष्ट असती तर भांडणाची हौस तरी फिटली असती. पण उत्कर्षा कधी आवाज चढवायची नाही. बँकेत नोकरी, सकाळी साडेनऊला जाणार, संध्याकाळी सातला येणार, आणि चपला काढता काढता विचारणार, "आत्या, गोळ्या घेतल्या? जेवलात ना?" पाहुण्याला विचारावं तसं. धोंडुबाईला नेमकं तेच झोंबायचं. पाहुणी चार दिवसांनी आपल्या घरी जाते. हिनं कुठं जायचं?

धोंडुबाई बघावी ती तासगावच्या मळ्यात. माहेर-सासर दोन्ही जतच्या पूर्वेला, घरात मेंढरं. नवरा बिराप्पा मेंढरांमागं हिंडायचा आणि ही बिऱ्हाड डोक्यावर घेऊन त्याच्यामागं. पोरगा रविराज सात वर्षांचा असताना बिराप्पा तापानं गेला, मेंढरं दिरांकडं गेली, आणि ही पोराला घेऊन द्राक्षाच्या कामाला आली. पहिल्या वर्षी तिला छाटणी म्हणजे काय हे सांगावं लागलं. पाचव्या वर्षी ती बावीस बायकांच्या टोळीची मुकादम होती. छाटणीमागनं काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथनं नवी फूट निघते त्या गाठींना, पेस्ट लावायची, घड विरळायचे, औषधात बुडवायचे, फेलफूट काढायची. फेलफूट म्हणजे घड न धरता नुसतीच रस ओढून माजणारी फूट. कुठली ठेवायची आणि कुठली काढायची हे धोंडुबाई चालता चालता बोटानं दाखवायची, बाकीच्यांनी मुकाट मोडत जायचं. चुकून कुणी घडाची फूट मोडली, की तिचा आवाज चार मळे ओलांडून जायचा. "डोळं काय घरी ठिऊन आलीस व्हय गं?" मळ्याचे मालक आप्पासो, तेसुद्धा अशा वेळी तिकडं फिरकायचे नाहीत.

सव्वीस वर्षं तिनं हे केलं. आणि आता म्हणे बसा!

त्यात ती वेल. सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये, खिडकीपासून दोन हात आत, उत्कर्षानं कुंडीत एक परदेशी वेल लावली होती. नाव मॉन्स्टेरा. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवलेली, छातीएवढी उंच, पानं सुपाएवढी. धोंडुबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हिला येतंय काय?"

"काही येत नाही आत्या. शोभेची आहे."

आता काय बोलावं! फळ नाही, फूल नाही, भाजीला उपयोग नाही, शेळी तोंड लावणार नाही. तरी ही बया कामावरनं आली की ओल्या फडक्यानं एकेक पान पुसणार, काठीवर पाण्याचा फवारा मारणार, मातीत बोट खुपसून ओल बघणार. एवढ्या मायेनं तिनं नवऱ्याचं डोकं कधी चेपलं नसेल.

तेही धोंडुबाईनं सोसलं असतं. पण वेल आजारी होती. धडधडीत आजारी! एखादं पान अर्धं हिरवं, अर्धं पांढरं. एखाद्यावर चुना उडाल्यासारखे डाग. शेंड्याचं पान तर सबंध पांढरंफट्टक. द्राक्षाची पानं अशी पडली की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. जमिनीत लोह कमी पडलं की हे होतं, मळ्यातलं शेंबडं पोर सांगेल. शिवाय पानांना भोकं, कडा आतपर्यंत फाटलेल्या. अळी, दुसरं काय? आणि खोडातनं हवेत लोंबणाऱ्या मुळ्या. हवेत मुळ्या सुटल्या की समजायचं, मातीतली मुळी चालेनाशी झालीय. इतकी दुखणी अंगावर घेऊन ती वेल हॉलमध्ये उभी, आणि मालकीण तिचं तोंड पुसतीय!

दोन-तीनदा धोंडुबाईच्या जिभेवर आलं होतं. पण शिकलेल्या पोरीला तिच्याच घरात कशाला कमीपणा द्यायचा, म्हणून गिळलं. बिचारीला कळत नाही, असं म्हणून तिला सुनेची कीवच यायची.

मग फेब्रुवारीत बँकेनं उत्कर्षाला दीड महिन्यासाठी नागपूरला पाठवलं. रविराज ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. आठवड्यातले चार दिवस कराड-साताऱ्याकडं, उरलेले तीन मोबाईलमध्ये. त्याच्या भरवशावर उत्कर्षानं कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडली नसती. निघायच्या आदल्या दिवशी ती धोंडुबाईजवळ येऊन बसली.

"आत्या, माझं एक काम कराल?"

धोंडुबाईचा कानांवर विश्वास बसेना. काम!

"माझी वेल सांभाळाल? तीन वर्षांपूर्वी एक पान असलेला खोडाचा तुकडा आणला होता, त्यातनं वाढवलीय. त्याआधीच्या दोन मेल्या. दिवसभर बँकेत लोकांची बोलणी खाऊन आले ना, की हिच्याजवळ जरा बरं वाटतं मला. यांच्यावर नाही सोडता येणार."

"तू बिनघोर जा. सव्वीस वर्सं येलीच बघितल्यात मी."

"काय काय करायचं ते सगळं लिहून फ्रीजवर चिकटवलंय हं."

"व्हय, व्हय," धोंडुबाई म्हणाली.

कागदावर सात-आठ ओळी होत्या, एका ओळीखाली दोन रेघा मारलेल्या. धोंडुबाईला वाचता येत नव्हतं. सही यायची. बचत गटाच्या बाईंनी एका उन्हाळ्यात घोटून घेतली होती, आणि उत्कर्षाच्याच बँकेत खातं काढताना धोंडुबाईनं ती चांगली ठसठशीत करून दाखवली होती. तेव्हापासून सुनेची समजूत झाली, की सासूला लिहितावाचता येतं. धोंडुबाईनंही ती समजूत तशीच राहू दिली. आणि आता, चार महिन्यांनी पहिलंवहिलं काम हातात येत असताना, तोंडानं सांगायचं की बाई गं, मला अक्षर कळत नाही? मग काम गेलंच. मग आहेच आपलं बसणं. शेजारणीकडनं वाचून घ्यायचं, तर तीही लाज. आणि वेलीबद्दल ती पोर लिहून लिहून काय लिहिणार? पाणी घाला, पानं पुसा. त्यात काय वाचायचंय, असं स्वतःला समजावून ती मोकळी झाली.

दुसऱ्याच दिवशी तिनं आप्पासोंना फोन लावला. फोनमध्ये रविराजनं त्यांचा फोटो लावून दिला होता, त्यावर बोट दाबलं की फोन जायचा.

"आवं आप्पा, पानं पांढरी पडल्यात."

"कुणाची?"

"येलीची. सुनंनं घरात लावलीया."

"घरात? कंची जात म्हणायची ही?"

"परदेशी हाय. पानाला भोकं बी हायती, आन् हवंत मुळ्या सुटल्यात."

आप्पासो एरवी विचार केल्याशिवाय सल्ला देणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी मालाला व्यापारी आले होते आणि त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "लोह कमी पडलंय, दुसरं काय असणार! अंधारात ठेवलीया नव्हं? उनात काढ. चिमूटभर हिराकस घाल पाण्यातनं. पार पांढरी पडल्यात ती काढून टाक, फुकट खात्यात. हिरवी फूट असंल ती धर."

"मला वाटलंच हुतं," धोंडुबाई म्हणाली.

झालं! दोन्ही जाणकारांचं एकमत. तिला अडवायला घरात होतं कोण? रविराज होता, सोफ्यावर पडलेला. "रव्या, येल उनात काढाय हात लाव," म्हटल्यावर त्यानं मोबाईल खिशात घातला, कुंडी उचलली, गॅलरीत नेऊन ठेवली आणि परत येऊन पडला. बायकोची तीन वर्षांची वेल कुठं चाललीय, कशाला चाललीय, अवाक्षरानं विचारलं नाही. असल्या नवऱ्याला काय ओवाळायचं?

पहिल्या दिवशी धोंडुबाईनं लोंबणाऱ्या मुळ्या खोडालगत कापल्या. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कृषी केंद्रातनं हिराकस, म्हणजे लोहाचं खत, आणून पाण्यातनं घातलं. तिसऱ्या दिवशी ती कात्री घेऊन बसली आणि एकामागनं एक पांढरी पानं काढली, पार पांढरी आणि अर्धी पांढरी, दोन्ही. शेवटी शेंडा मारला. खोडाच्या तळाशी एक निव्वळ हिरवी फूट डोकं वर काढत होती, ती काठीला सुतळीनं बांधून घेतली. किती महिन्यांनी तिच्या नखांत चीक गेला होता! त्या दिवशी ती दोन भाकरी जास्त जेवली आणि दुपारी गुडघ्याची गोळी घ्यायचीच विसरली.

हिरवी फूट उन्हात आणि खतावर अशी काय सुटली म्हणता! महिन्यात तीन पानं टाकली, हिरवीगार. धोंडुबाई सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसायची आणि वेलीशी बोलायची, "आता कशी माणसात आलीस!" संध्याकाळी नागपूरहून फोन यायचा.

"आत्या, वेल कशी आहे?"

"झ्याक!"

"फोटो पाठवता का एक?"

"मला कुठं फोटू काढाय येतोय? ये आन् समक्ष बघ की."

तिला तो आनंद फोनवर वाया घालवायचा नव्हता. पोरगी दारातनं येईल, बघेल, तोंडावर हात ठेवील, म्हणेल, आत्या, हे तुम्ही केलंत? हे सगळं धोंडुबाईनं मनात कितीदा तरी बघून घेतलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी उत्कर्षा आली. धोंडुबाईनं वेल पुन्हा हॉलमध्ये आणून, आयुष्यात पहिल्यांदा एका पानाचं तोंड पुसून, तयार ठेवली होती. उत्कर्षानं बॅग खाली ठेवली. वेलीकडं बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"ही कुठली आणलीत?"

"आणती कशाला? तुझीच हाय! बरी केली. एक पान पांढरं ऱ्हायलं न्हाई, बघ की."

उत्कर्षा खाली फरशीवर बसली. खोडावरच्या कापल्याच्या खुणांवरनं तिनं बोट फिरवलं. "ती पानं कुठं आहेत?"

"टाकली की. कवाच."

"आत्या, ती तशीच असतात," उत्कर्षा हळू म्हणाली. "आजार नव्हता तो. पांढरी होती म्हणून तर..."

धोंडुबाईला आधी कळलंच नाही. पांढरी असतात म्हणजे? मुद्दाम? मग कळलं. सव्वीस वर्षांत तिच्या हातनं घड मोडला नव्हता, आणि आज सुनेची सबंध वेल मोडून ती शाबासकीची वाट बघत उभी होती! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आता पोरगी ओरडणार. ओरडू दे. चार शब्द खाऊ, पाय धरायला लागले तर धरू.

उत्कर्षा उठून आत गेली. तोंड धुऊन बाहेर आली. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

"असू दे आत्या. मुद्दाम थोडंच केलंत? तुम्ही बसा."

अगं, भांड की! दोन थोबाडीत दे, पण हे नको! धोंडुबाई खुर्चीत बसली ती दुपारचं जेवण होईपर्यंत उठली नाही. एकदा मिळालेलं काम तिनं स्वतःच्या हातानं मातीत घातलं होतं. आता या घरात मरेपर्यंत तिच्या हातात कुणी काही देणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

त्यानंतरचे दोन आठवडे तर विचारूच नका. उत्कर्षा आणखी गोड बोलायला लागली. गोळ्या घेतल्या का, उशी हवी का, टीव्ही लावू का. वेलीकडं मात्र ढुंकून बघेना. धोंडुबाईचा संताप कुठं काढायचा हेच तिला कळेना, तो तिनं आप्पासोंवर काढला.

"पांढरीच असती म्हणं ती येल! तुमच्या सांगण्यावर गेले आन् माझ्या घरात माझं त्वांड काळं झालं!"

"पांढरी पानं कुणी हौसंनं ठेवतंय व्हय? आसली कसली येल?" आप्पासो म्हणाले.

"त्ये तवा इचारायचं हुतं!" म्हणून तिनं फोन आपटला.

रविराजनं एकदाच तोंड उघडलं. "एवढं काय त्यात? दुसरी आणू की नर्सरीतनं." तेव्हा सासू आणि सून दोघींनी एकदमच त्याच्याकडं असं बघितलं, की तो मुकाट्यानं चार्जर शोधायला आत गेला.

धोंडुबाई मात्र वेलीसमोरनं हलत नव्हती. हात लावायची हिंमत नव्हती, पण डोळ्यांना कोण अडवणार? बघता बघता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. मूळ खोडाची साल एका अंगानं हिरवी आणि दुसऱ्या अंगानं पांढऱ्या पट्ट्याची होती. तळातली ती हिरवी फूट निघाली होती निव्वळ हिरव्या अंगातनं. आणि वर, तिनं शेंडा मारला होता त्याच्या चार बोटं खाली, एक मुका, अजून न फुटलेला डोळा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो बरोबर हिरव्या आणि पांढऱ्या सालीच्या सांध्यावर बसला होता. म्हणजे साल जसली, फूट तसली! तो डोळा फुटला तर पान दोन रंगांचं येणार. पण तो फुटणार कसा? सगळा रस तर खालची हिरवी फूट ओढत होती. हे सुनेला सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडानं?

तिसऱ्या रविवारी धोंडुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बघते तर उत्कर्षा कुंडीपुढं मांडी घालून बसलेली, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात कात्री. पांढरी पानं परत कशी आणायची ते मोबाईलमध्ये बघून बघून तिनं कात्री मूळ खोडाला लावली. कुठं लावली? त्या डोळ्याच्या खाली! एक दाब, आणि डोळा गेला असता कचऱ्यात.

"हात काढ!"

चार मळे ओलांडणारा तो आवाज विश्रामबागेत पहिल्यांदाच निघाला. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. "डोळा तोडतीस व्हय गं! डोळं काय बँकंत ठिऊन आलीस?"

उत्कर्षा दचकली, आणि मग तिचा जो काय स्फोट झाला!

"मी तोडतेय? मी? आत्या, सगळी वेल तुम्ही तोडलीत! तीन वर्षं वाढवली होती मी! पांढरी पानं तोडू नका, उन्हात ठेवू नका, सगळं लिहिलं होतं मी, खाली दोन रेघा मारल्या होत्या! वाचायला काय झालं होतं तुम्हाला?"

"वाचाय येत न्हाई मला!" धोंडुबाई तेवढ्याच जोरात ओरडली.

रविराज आतल्या दारात आला आणि तसाच मागं फिरला.

"पण बँकेत सही..."

"सहीच येती. तेवढीच येती."

"मग सांगायचं ना मला!"

"कशी सांगू? चार म्हैन्यात एक काम दिलंस. त्ये बी गेलं असतं हातातनं!"

"काम हवं होतं तर तेही सांगायचं ना!" उत्कर्षाचा आवाज फाटला, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि तिला त्याचाही राग आला. "सव्वीस वर्षं राबलात, आता तुम्हाला जरा आराम मिळावा म्हणून मी पहाटे पाचला उठून भाज्या निवडत होते आत्या! तुमच्या हाताला काही लागू नये म्हणून! वेडी आहे मी?"

"तुला कुणी सांगितलं हुतं?"

"कुणी नाही!"

दोघी कुंडीच्या दोन बाजूंना, लाल होऊन, धापा टाकत एकमेकींकडं बघत राहिल्या. काय म्हणावं या दोघींना! एक कामासाठी झुरत होती, दुसरी तेच काम तिच्यापासून लपवून ठेवायला पहाटे उठत होती, आणि एकाच घरात राहून दोघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

"आता कुठं कापायचं त्ये दावू, का जाऊ आत?" धोंडुबाईनं विचारलं.

"दाखवा!" उत्कर्षा खेकसली. नाक ओढत तिनं बाजूला सरून जागा केली.

दुखरा गुडघा लांब करून धोंडुबाई खाली बसली. सुनेचा अंगठा धरून तिनं खोडावर टेकवला. "हितं चाचप. लागला? ह्यो डोळा. साल दोन रंगाची हाय बघ हितं. ह्येच्या वरचं वाळल्यालं टोक तेवढं काप, बोटभर जागा सोडून. आन् ती खालची हिरवी फूट बुडातनं काढ."

"सगळी? एवढी छान वाढलीय."

"फेलफूट हाय ती. रस वढून माजलीया नुसती. मीच वाढीवली, आन् मलाच कळंना."

उत्कर्षानं कात्री तिच्यापुढं धरली. "मग तुम्हीच काढा."

"मी न्हाई. येल तुझी हाय. तिरकी धर कात्री. तिरकी म्हणतीया मी! आसं काय धरतीस, बँकंत पेन बी आसंच धरतीस काय?"

उत्कर्षानं कापलं. पुसलेली, जपलेली, हिरवीगार तीन पानं फरशीवर पडली आणि कुंडीत राहिलं एक बुटकं खोड आणि तळाचं एक जुनं पान. बघवत नव्हतं. पण दोघी बघत बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मात्र घराचं वारंच फिरलं. "आत्या, दळण टाकून या. आत्या, मेथी निवडा, माती राहिली काल. आत्या, मावशी आल्या नाहीत, भाकरी तुमच्याकडं." धोंडुबाई दिवसभर करवादायची. ही सून हाय का मुकादम! पण बोलून दाखवायची आणि काम उरकायची. मेथीवरनं तर एकदा दोघींची अशी जुंपली, की रविराज हेडफोन घालून जेवला.

आणि बँकेतनं फोन. अकराला एक, जेवणाच्या सुट्टीत एक, चारला एक. इतके महिने या घरात दिवसा धोंडुबाईचा फोन कधी वाजला नव्हता, आता घेऊन घेऊन ती वैतागली.

"आत्या, डोळा हलला?"

"न्हाई."

"खोडाला हात नका लावू हं."

"न्हाई लावत माझे आये!"

विसाव्या दिवशी डोळा फुगला. मग हिरवट टोक वर आलं. मग त्यातनं गच्च वळलेलं एक पान निघालं, आणि तसंच राहिलं. द्राक्षाचा डोळा दहा दिवसांत फुटून घड दाखवतो; ही महाराणी काही केल्या पदर सोडेना. रंग दिसेना, काही कळेना. नख लावून जरा उलगडून बघावं, असं धोंडुबाईच्या बोटांना सारखं वाटायचं, तेव्हा ती उठून गॅलरीत जायची. हिरवंच निघालं तर काय, हे ती मनात येऊ द्यायची नाही. उत्कर्षा तर सकाळी दात घासतच वेलीसमोर येऊन उभी राहायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, मेथीची जुडी मांडीवर घेऊन धोंडुबाईनं मान वर केली, आणि पान उघडलेलं होतं. मधल्या शिरेपासून एक अर्धं हिरवं, दुसरं अर्धं पांढरं. हिरव्यावरही दोन पांढरे फराटे. ती जवळ गेली, वाकून बघितलं, मागनं बघितलं. खरं सांगायचं तर अजूनही तिला ते पान आजारीच दिसत होतं. यात बघण्यासारखं काय आहे हे तिला मरेपर्यंत कळणार नव्हतं. पण डोळ्यांतनं पाणी थांबेना. पदरानं पुसलं तरी पुन्हा यायचं.

फोन वाजला. जेवणाची सुट्टी झाली होती.

"आत्या, उघडलं का?"

धोंडुबाईनं पानाकडं बघितलं. सबंध बँकेला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं, असं तिच्या पार ओठावर आलं होतं. तिनं घसा खाकरला.

"न्हाई गं अजून. कितीदा इचारशील? कामाकडं ध्यान दे. सांच्याला ये, आन् तूच बघ पहिलं."